पाढे पडद्यावर, पेपर कागदावर

संगणकावरच्या खेळांनी मुलांचे मार्क वाढतात का, हे जाहिरातींना विचारण्यापेक्षा वडोदऱ्याला विचारावं. २००० साली गुजरात सरकारने तिथल्या शंभरएक पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनी पाहिलं, तर प्राथमिकच्या मुलांचा हात त्यांना क्वचितच लागला होता. मग मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी एक साधा कार्यक्रम आखला. आठवड्याला दोन तास, एका संगणकासमोर दोन मुलं आणि त्यांच्याच अभ्यासक्रमातल्या गणितावर बेतलेले खेळ. एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी या शाळांची कार्यक्रम नसलेल्या शाळांशी तुलना केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातला फायदा ०.४७ प्रमाण विचलनाइतका होता. हा आकडा आपल्या भाषेत आणायचा, तर गुणांनुसार उभ्या केलेल्या शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण बत्तिसाव्या जागी आलं. शाळेतल्या फार थोड्या उपायांनी एवढी मजल मारली आहे.

हा आकडा ऐकून लगेच एखादं ॲप विकत घेण्याआधी त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली म्हणजे, फायदा फक्त गणितात झाला. भाषेच्या गुणांवर काहीही परिणाम दिसला नाही, कारण खेळ गणिताचे होते. संगणकासमोर बसल्याने डोकं एकंदरीतच तल्लख होत असतं, तर भाषेतही थोडा उजेड पडला असता. दुसरी म्हणजे, कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावर हा फायदा बराचसा विरून गेला आणि जेमतेम एक दशांश विचलन उरलं, म्हणजे रांगेतल्या चार जागा. मूल जे करतं तेवढंच त्याला येतं आणि करायचं थांबलं की येणंही ओसरतं. खेळाबद्दलचा माझा सगळा युक्तिवाद या दोन गोष्टींवर उभा आहे. खेळ किती रंगीत आहे, किती महाग आहे, त्यावर ‘शैक्षणिक’ असा शिक्का आहे की नाही, याने परीक्षेत फरक पडत नाही. परीक्षेत मुलाला जे करावं लागणार आहे, तेच ते खेळताना करतं का, एवढाच प्रश्न आहे.

परीक्षेत करावं लागतं ते काय? समोर पुस्तक नसताना डोक्यातून उत्तर बाहेर काढणं. आपल्याकडे अभ्यास म्हणजे मात्र डोक्यात घालणं, पुन्हा पुन्हा वाचणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या दोहोंची गाठ घालून दिली. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. यातला खोडकर भाग असा, की अशाच दुसऱ्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपलं पक्कं झालंय याची खात्री जास्त होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘सगळं वाचून झालं’ म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं.

चांगल्या खेळाची जागा इथे आहे. न बघता आठवायला मूल कंटाळतं, कारण त्यात अडखळणं असतं आणि अडखळणं कुणालाच आवडत नाही. आईने तोंडी प्रश्न विचारले की दहाव्या प्रश्नाला दोघांचाही पारा चढतो. खेळात तेच अडखळणं हरण्या-जिंकण्याचा भाग होतं आणि मूल तासाभरात दोनशे वेळा उत्तर आठवायचा प्रयत्न करतं. शिवाय उत्तर चुकलं की तिथल्या तिथे कळतं, वही तपासून येईपर्यंत दोन दिवस वाट पाहावी लागत नाही. खेळाची जादू म्हणतात ती एवढीच. यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर सावध राहावं.

जास्त सांगणारे पुष्कळ आहेत. बुद्धी वाढवणारे, स्मरणशक्ती तीक्ष्ण करणारे खेळ ही एक मोठी बाजारपेठ आहे. ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी ११,४३० लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला लावले आणि २०१० मध्ये निकाल दिला. लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, पण त्याबाहेरच्या चाचण्यांत, अगदी जवळच्या वाटणाऱ्या चाचण्यांतही, प्रगती दिसली नाही. ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने आपल्या खेळांनी शाळेतली आणि कामावरची कामगिरी सुधारते असा दावा केला होता. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीने वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मारधाडीच्या खेळांनी नजर चपळ होते, हा मोठ्या मुलांचा आवडता बचाव आहे आणि तो अगदीच निराधार नाही. अशा खेळाडूंना पडद्यावरच्या अनेक गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवता येतं, असं २००३ पासूनच्या काही प्रयोगांत दिसलं आहे. पण इतिहासाच्या पेपरात कोपऱ्यातून शत्रू येत नाही.

आता खऱ्या गणिताचे खेळ. यातही दोन जाती आहेत आणि दुकानात त्या सारख्याच दिसतात. एकीत मूल गाडी पळवतं, उड्या मारतं, नाणी गोळा करतं आणि मध्येच एक गणिताचा प्रश्न आडवा येतो. तो सोडवला की पुन्हा गाडी. दुसरीत गणित हेच खेळातलं हत्यार असतं. इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शेरॉन एन्सवर्थ यांनी या दोन जातींची थेट तुलना केली. त्यांच्या खेळात अंगावर आकडे असलेले सांगाडे चालून येतात आणि त्या आकड्याला भाग जाणारी संख्या निवडून त्यांना पाडायचं असतं. त्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत सांगाडे आकड्यांविना होते आणि भागाकाराचे प्रश्न टप्प्याच्या शेवटी विचारले जात. २०११ मध्ये त्यांनी लिहिलं, की तेवढ्याच वेळात पहिल्या आवृत्तीची मुलं जास्त शिकली. मनाला येईल ते खेळा म्हटल्यावर मुलांनी पहिल्या आवृत्तीवर सातपटींहून जास्त वेळ घालवला. कडू गोळीला साखर लावून देण्याचा आपला सगळा खटाटोप यात उघडा पडतो. साखर चाटून गोळी थुंकायला मुलांना शिकवावं लागत नाही.

म्हणून खेळ निवडताना मुलाच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि पडद्याकडे न पाहता त्याच्या हातांकडे आणि तोंडाकडे पाहा. दहा मिनिटांत त्याने किती प्रश्नांना उत्तरं दिली ते बोटांवर मोजा. गोष्ट, सजावट, टोपी बदलणं आणि जाहिराती यांत सहा मिनिटं गेली असतील, तर तो करमणुकीचा खेळ आहे, त्याला अभ्यासाच्या वेळात जागा देऊ नका. मग उत्तर कसं दिलं ते पाहा. चार पर्यायांतून बोट लावलं की आकडा स्वतः टाइप केला? ७ × ८ च्या खाली ५४, ५६, ६३, ६५ असे पर्याय असले की मूल आठवत नाही, ओळखतं. ओळखणं सोपं असतं आणि परीक्षेत दरवेळी पुरत नाही. ‘टक्स मॅथ’ नावाचा एक जुना मोफत खेळ आहे. त्यात वरून धूमकेतू पडतात, प्रत्येकावर एक गणित असतं आणि उत्तर टाइप केलं की पेंग्विन तो धूमकेतू उडवतो. चित्रं आजच्या मुलांना जुनाट वाटतील, पण मूल त्यात सतत आठवतच राहतं आणि साध्या, जुन्या संगणकावरही तो चालतो. लहानग्यांसाठी ‘जीकॉम्प्री’ हा शंभराहून जास्त छोट्या खेळांचा मोफत संच आहे. त्यातले सगळेच खेळ अभ्यासाचे नाहीत. पालकांनी निवडून द्यावेत. शेवटचं पाहायचं ते असं, की चुकल्यावर खेळ काय करतो. नुसता भोंगा वाजवून पुढे जातो, की बरोबर उत्तर दाखवून तो प्रश्न थोड्या वेळाने परत आणतो? परत आणणारा खेळ घ्यावा.

शिक्षकांच्या हाती वेगळी साधनं आहेत. नॉर्वेतून आलेलं ‘कहूट’ किंवा बंगळुरूत ‘क्विझिझ’ या नावाने जन्मलेलं, २०२५ पासूनचं ‘वेग्राउंड’ यांवर वर्गाची प्रश्नमंजुषा घेता येते. ‘कहूट’वरच्या ९३ अभ्यासांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला, त्यात एकंदर परिणाम चांगला आढळला. पण वेगाला गुण देणाऱ्या खेळात वर्गातली चार चपळ मुलं जिंकतात आणि मागच्या बाकावरची मुलं तिसऱ्या प्रश्नापासून कुठलंही बटण दाबू लागतात. यावर उपाय सोपा आहे. घड्याळ बंद ठेवा किंवा सैल करा. प्रश्न दाखवा, पण पर्याय झाकून ठेवा. सगळ्यांना अर्धं मिनिट वहीत उत्तर लिहू द्या आणि मगच पर्याय उघडा. प्रत्येकाकडे मोबाईल नसेल तर दोघा-तिघांत एक चालतो, किंबहुना बरा. वडोदऱ्यातही एका संगणकावर दोन मुलं होती. शेजाऱ्याशी हुज्जत घालताना ‘छप्पन्न कसं?’ याचं उत्तर द्यावं लागतं आणि ते द्यायला आधी ते समजावं लागतं. खेळ संपल्यावर विजेत्यासाठी टाळ्या झाल्या की पडदा बंद करण्याची घाई करू नका. ज्या प्रश्नावर निम्मा वर्ग चुकला तो फळ्यावर घ्या. पुढच्या तासाला कुठून सुरुवात करायची, ते त्यातून कळतं.

तयार खेळ मिळत नसेल, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना भूगोलाचा किंवा व्याकरणाचा बरा खेळ मिळणं खरोखरच अवघड आहे, तर स्वतः बनवावा. ‘अँकी’ हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवर चालतो. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी पत्त्यांसारखी कार्डं त्यात भरायची. जमलेलं कार्ड तो चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने दाखवतो, अडलेलं कार्ड लगेच. वडोदऱ्यात वर्षभरात विरून गेलेला फायदा टिकवायचा, तर अशी अंतराअंतराने होणारी उजळणीच हवी. कार्डं मुलांकडूनच बनवून घ्यावीत. समासाच्या धड्यातून वीस प्रश्न काढायला बसलेलं मूल धडा कधी नव्हे इतक्या बारकाईने वाचतं, कारण मित्राला अडवायचं असतं. प्रश्न एकाच प्रकरणाचे मात्र ठेवू नयेत. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांवर डग रोहरर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगतो, की एका प्रकारची गणितं एका दमात सोडवणाऱ्यांपेक्षा वेगवेगळ्या प्रकारची मिसळून सोडवणारी मुलं महिन्याभराने फार पुढे होती, ७४ टक्के विरुद्ध ४२. खेळातली पातळी एक, पातळी दोन ही रचना नेमकी याच्या उलट असते. एका पातळीत फक्त बेरीज, दुसरीत फक्त वजाबाकी. प्रत्येक पातळी पार झाली की ‘मिश्र’ असा पर्याय शोधून लावा. परीक्षेत ‘आता वजाबाकी आहे हं’ असं कोणी सांगत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. अमेरिकेत रॉबर्ट वाइस आणि बी. सी. सेरान्कोस्की यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एकाला प्लेस्टेशन लगेच दिलं, दुसऱ्याला चार महिन्यांनी. चार महिन्यांत पहिल्या गटाचे वाचनाचे आणि लेखनाचे गुण मागे पडले, कारण अभ्यासाचा वेळ खेळाने खाल्ला. अभ्यासाच्या खेळांनाही हा नियम सुटत नाही. वडोदऱ्याच्या अभ्यासात सहभागी असलेल्या ली लिंडन यांनी गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांत पुढचा प्रयोग केला. शाळेच्या वेळाबाहेर जादा तास म्हणून संगणक दिला तेव्हा मुलांचे गणिताचे गुण वाढले. चांगल्या शिकवणीचा तास काढून त्याजागी संगणक बसवला, तेव्हा ते चांगलेच घसरले. तेव्हा खेळ कशाच्या जागी येतोय, हे पाहणं भाग आहे. टीव्हीच्या किंवा रिकाम्या मोबाईलच्या वेळात आला तर लाभ, शिक्षकांच्या किंवा वाचनाच्या वेळात आला तर तोटा. माझ्या मते रोज वीस मिनिटं पुरेत. त्यातलीही शेवटची पाच मिनिटं पडद्याबाहेरची, म्हणजे खेळात अडलेली पाच गणितं वहीत उतरवून पेनाने सोडवायची. डोळ्यांची काळजीही या वीस मिनिटांतच मिटते. दीड-दोन तास खेळू द्यायचं असेल, तर मात्र ती वेगळी चर्चा होते.

दुसरा आक्षेप शिक्षक घेतात. बक्षिसांची, ताऱ्यांची, नाण्यांची सवय लागली की मूल त्यांच्याशिवाय अभ्यासच करणार नाही. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तेव्हा नंतरच्या मोकळ्या वेळात ती मुलं चित्रं काढायला आधीपेक्षा कमी वळली. बक्षीस आवडीला मारतं, हा धोका पोकळ नाही. पण त्या मुलांना चित्रं मुळात आवडत होती, हे विसरू नये. ज्या मुलाला पाढ्यांची आवडच नाही, त्याच्याकडून काढून घेण्यासारखं फारसं काही नसतं. अशा मुलाला सुरुवातीला ताऱ्यांनी ओढून आणायला हरकत नाही. मात्र ज्याला गणितं सोडवण्यात आपणहून मजा येते, त्याच्यामागे गुणतक्ता लावू नका. आणि घरात भावंडांचे गुण शेजारीशेजारी लिहू नका. कालच्या स्वतःच्या गुणांशी तुलना पुरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मान्य आहे. परीक्षेत फक्त आठवायचं नसतं. ‘कारणे द्या’, भूमितीची सिद्धता, निबंध, उताऱ्यावर स्वतःचं मत, यांचा खेळ होत नाही आणि कोणी केलाच तर तो नकली वाटतो. दहावीच्या भूमितीत प्रमेयाचं नाव कार्डावर येईल, पण सिद्धतेत पहिली ओळ कुठली लिहायची हा निर्णय कागदावरच शिकावा लागतो. खेळाचं काम गोदाम भरण्याचं आहे. पाढे, सूत्रं, संज्ञा, सनावळ्या, शब्दार्थ, व्याकरणाचे नियम. हे गोदाम भरलेलं असलं की लिहिताना डोकं विचारासाठी मोकळं राहतं. पाढा आठवण्यात अर्धं डोकं गुंतलेल्या मुलाला शाब्दिक उदाहरणातली अट दिसतच नाही. एवढ्यावर खेळाची हद्द संपते आणि पालकांनी ती आखून घ्यावी. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षांना, म्हणजे शिष्यवृत्तीला किंवा सीईटीला, खेळ जास्त उपयोगी पडतो. लेखी पेपराला कमी.

परीक्षा जवळ आली की खेळाची रीत बदला. पंधरा दिवस आधी नवे खेळ बंद, फक्त जुने मिश्र प्रश्न. परीक्षा संगणकावर असेल, जशी एमएचटी-सीईटी असते, तर सराव संगणकावर करा. कागदावर असेल तर आठवड्यातून दोनदा तेच प्रश्न कागदावर, घड्याळ लावून, संगीताशिवाय. पडद्यावर अचूक असणारं मूल कागदावर पहिल्यांदा अडखळतं, ते परीक्षेआधी अडखळलेलं बरं. गुण वजा होणाऱ्या परीक्षेसाठी खेळातही तोच नियम लावा. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो, तर बहुतेक खेळांत चुकीची किंमत शून्य असते आणि ठोकून देण्याची सवय तिथेच लागते. वीस प्रश्नांच्या खेळानंतर मुलालाच कागदावर चार आणि वजा एकचा हिशेब करू द्या. शेवटच्या रात्री संगणक उघडू नका. अडलेल्या प्रश्नांची जी दोन पानं वहीत जमली असतील, ती पुढ्यात घ्या आणि जेवायच्या आधी दहा-बारा प्रश्न तोंडी विचारा.